निळी पिशवी जवळ बाळगणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. गाडी स्थानकात पोचली, बाबांना स्ट्रेचरवर घेतलं आणि तुम्ही “जा, त्यांच्यासोबत राहा” म्हणत गर्दीत दिसेनाशा झालात. आभार मानायला उसंतच मिळाली नाही, म्हणून हे उघडं पत्र लिहिते आहे. सगळ्यात आधी तुम्हाला हवी असेल ती बातमी: बाबा बरे आहेत. जखमेला टाके घालावे लागले, पण बोटं पाचही नीट हलतात आणि पकड पूर्वीसारखी आहे.

त्या रात्री गाडीला हिसका बसला, दिवे गेले, आधीच तडा गेलेल्या खिडकीवर बाबा आदळले आणि मनगटाच्या वर हात खोल चिरला. डब्यात एकच गोंधळ उडाला. कुणी कापूस पुढे करत होतं, कुणी दोरी बांधा म्हणत होतं. तुम्ही उठलात, तळहातात मावेल एवढी निळी पिशवी उघडलीत आणि टॉर्च शेजारच्या मुलाच्या हातात देऊन म्हणालात, “इथेच धर, हलवू नकोस.” त्या मुलाला काम मिळालं, बाकीचे आपोआप मागे सरले. अंधारात चाचपडावं लागलं नाही, कारण कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात आहे हे तुमच्या हातांना माहीत होतं.

तुम्ही हातमोजे चढवलेत, जखमेत काचेचा तुकडा अडकलेला नाही ना हे उजेडात पाहिलंत. अडकलेला असता तर तो उपसायचा नसतो आणि त्याच्यावर दाबायचंही नसतं, कडेकडेने दाब द्यायचा असतो, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मग जाळीची पट्टी घडी करून जखमेवर ठेवलीत आणि दोन्ही हातांनी दाबलीत. कापूस नको म्हणालात, कारण त्याचे तंतू जखमेत चिकटतात. मी सारखं विचारत होते, थांबलं का, जरा उचलून बघू का. तुम्ही एकदाही उचललं नाहीत. पट्टी उचलली की नुकती धरू लागलेली गुठळी सुटते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. पट्टी भिजली तेव्हा तिच्यावरच दुसरी ठेवलीत आणि दाब वाढवलात. इतका साधा उपाय, पण न डगमगता, न बोलता, मिनिटांमागून मिनिटं तो करत राहणं किती अवघड असतं हे मी त्या दिवशी पाहिलं.

आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात: “काका रक्त पातळ होण्याची गोळी घेतात का?” बाबा घेतात. अशा माणसाचं रक्त थांबायला जास्त वेळ लागतो, म्हणून नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ दाब धरून ठेवावा लागतो. तेवढ्यात समोरच्या सद्गृहस्थांनी मोठ्या मायेने वेदनाशामक गोळी पुढे केली. तुम्ही टॉर्चच्या उजेडात पाकिटावरचं नाव वाचलंत आणि ती नम्रपणे परत केलीत. अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रक्त गोठण्यात अडथळा आणतात. बाबांच्या पोटात आधीचं औषध होतंच, त्यात ही भर पडली असती तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करते. ताई, तुम्ही जे दिलंत त्याइतकंच, जे देऊ दिलं नाहीत त्याचेही आभार.

दोरीबद्दलही तुम्ही ठाम होतात. हातापायातून रक्त जोराने उसळत असेल आणि दाबून थांबत नसेल, तेव्हा आवळपट्टा (टूर्निकेट) बांधायचा असतो, जखमेवर नव्हे तर तिच्या वरच्या, धडाकडच्या बाजूला, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची असते. बारीक दोरी मात्र मांसात रुतते, रक्त थांबतच नाही. आवळपट्टा तुमच्याकडे होता, पण लागला नाही. हाताशी असलेलं साधन गरज नसताना न वापरणं हेही शिक्षणाशिवाय येत नाही.

बाबांना थंडी वाजू लागली तेव्हा तुम्ही आडवं करून त्यांच्यावर चंदेरी कागदासारखं ब्लँकेट पांघरलंत. अंतराळ मोहिमांसाठी 1960 च्या दशकात विकसित झालेल्या धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकचं हे पांघरूण घडी केलं की रुमालाएवढं होतं आणि अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. मला वाटलं होतं, हे फक्त आराम मिळावा म्हणून. पण शरीर गार पडलं की रक्त गोठण्याची क्रियाही मंदावते, म्हणजे ते पांघरूण रक्त थांबवण्याच्याच कामात हातभार लावत होतं.

हात गळ्यात बांधायला तुम्ही जो तिकोनी रुमाल काढलात त्याच्याबद्दल मी नंतर वाचलं. फ्रीड्रिश फॉन एस्मार्क नावाच्या जर्मन शल्यविशारदाने तो लोकप्रिय केला. तो कसकसा बांधायचा याची चित्रं त्याने त्या कापडावरच छापून घेतली होती, म्हणजे शिकलेलं विसरलं तरी उत्तर हातातच असे. 1882 मध्ये त्याने कील शहरात सामान्य लोकांना प्रथमोपचार शिकवणारी शाळा काढली. डॉक्टर येईपर्यंतची मिनिटं जवळच्या माणसाच्या हातात असतात, हे त्याला युद्धात दिसलं होतं. तुमच्या हातांकडे पाहताना त्या परंपरेचीच आठवण व्हावी असं काहीतरी होतं.

पण मला सगळ्यात जास्त कृतज्ञता वाटते ती एका पुठ्ठ्याच्या तुकड्याबद्दल. पिशवीतून कोरं कार्ड आणि पेन काढून तुम्ही लिहिलंत: वय, गोळीचं नाव, शेवटची कधी घेतली, कशाची अॅलर्जी, जखम किती वाजता झाली, दाब कधीपासून. ते कार्ड बाबांच्या खिशाला सेफ्टी पिनने टाचलंत. रुग्णालयात मला काही धड बोलता येईना, पण डॉक्टरांनी ते कार्ड वाचलं आणि पुढची तयारी सुरू झाली. या कल्पनेमागेही एक घर आहे. अमेरिकेतल्या टरलॉक गावच्या कॉलिन्स नावाच्या डॉक्टरांच्या मुलीला धनुर्वाताच्या प्रतिविषाची तीव्र अॅलर्जी निघाली. ती बेशुद्ध असेल तेव्हा हे कोण सांगणार, या काळजीतून तिच्या मनगटात माहिती कोरलेलं कडं आलं, आणि 1956 मध्ये त्यातून अशी कडी सगळ्यांना पुरवणारी संस्था उभी राहिली. पुढे 2005 मध्ये बॉब ब्रॉची या ब्रिटिश रुग्णवाहिका कर्मचाऱ्याने सुचवलं की मोबाइलमध्ये जवळच्या माणसाचा क्रमांक ‘आयसीई’ (इन केस ऑफ इमर्जन्सी, म्हणजे संकटाच्या वेळी) या नावाने ठेवावा. आताच्या फोनमध्ये कुलूप न उघडता दिसेल अशी वैद्यकीय माहिती भरता येते. ती जरूर भरावी. कागद तरीही हवाच, कारण कागदाची बॅटरी संपत नाही.

नेटवर्क येत-जात होतं आणि फोन लागत नव्हता, तेव्हा तुम्ही मला लघुसंदेश पाठवायला सांगितलंत. बोलण्यासाठी जोडणी टिकून राहावी लागते. लहानसा मजकूर क्षणभर रेंज मिळाली तरी निघून जातो. माझ्या बहिणीला तो मिळाला आणि ती आमच्या आधी रुग्णालयात हजर होती. 112 हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक कुलूपबंद फोनवरूनही लावता येतो आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी जिथे हा क्रमांक चालू आहे तिथे दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून लागू शकतो, हेही तुम्हीच सांगितलंत.

बाबांकडे लक्ष असतानाच पलीकडच्या बाकावरच्या मधुमेही काकांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, ते तुमच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांची साखर उतरली असावी हे ओळखून, ते शुद्धीवर आहेत, गिळू शकतात याची खात्री करून ग्लुकोजच्या गोळ्या दिल्यात आणि पुन्हा घड्याळ पाहिलंत. साधारण 15 ग्रॅम साखर, 15 मिनिटं थांबणं, उतार नसेल तर पुन्हा तेवढीच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही.

हे सगळं आठवताना एक गोष्ट मनात पक्की झाली. तुमच्या पिशवीतलं बहुतेक सामान तुमच्यासाठी नव्हतंच. आपल्या हाताला एवढी मोठी जखम झाली तर आपण स्वतः ती नीट बांधू शकत नाही. तुम्हाला मधुमेह आहे असंही दिसलं नाही. म्हणजे कधीतरी निवांत बसून, न भेटलेल्या माणसांचा विचार करून तुम्ही ती भरली होती, सेल तपासले होते, पाकिटांवरच्या मुदती पाहिल्या होत्या. आमच्यावर उपकार झाले ते त्या निवांत वेळी. गाडीत आम्हाला ते फक्त दिसले.

लोक तयारी म्हटलं की मोठाल्या पाठपिशव्या, सुरे, कुऱ्हाडी यांच्या याद्या करतात. मला ते पटत नाही. जड पिशवी घरी राहते. रोजच्या संकटांना लागणाऱ्या वस्तू लहानच असतात, आणि त्या अंगाजवळ असाव्या लागतात. 28 एप्रिल 2025 ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली तेव्हा गाड्या वाटेत थांबल्या, कार्डं चालेनात, फोनची जाळी कोलमडली. लोक बॅटरीवरचे रेडिओ विकत घ्यायला धावले आणि खिशात थोडी रोकड असलेल्यांचं निभावलं. त्याच्या आदल्याच महिन्यात युरोपीय आयोगाने नागरिकांना निदान 72 तास स्वतःच्या बळावर काढता येतील एवढी तयारी ठेवायला सांगितलं होतं. घरात पाणी, औषधं, उजेड यांचा साठा हवाच. पण संकट घर पाहून येत नाही, आणि तिथे तुमची ती तळहाताएवढी पिशवी कामाला येते.

आम्ही आता दोघांसाठी तशा पिशव्या केल्या आहेत. जाळीच्या पट्ट्या, रुंद बँडेज, तिकोनी रुमाल, हातमोजे, चिकटपट्टी, चंदेरी ब्लँकेट, बाबांच्या नेहमीच्या गोळ्यांचा थोडा जादा साठा मूळ पाकिटातच, ओआरएसची पुडी, लहान टॉर्च, थोड्या सुट्या नोटा, कार्ड आणि पेन. शिट्टीही घेतली, कारण अडकून पडलेल्या माणसाचा आवाज बसतो, शिट्टीला फार दम लागत नाही आणि ती लांबवर ऐकू जाते. पॉवर बँक पडून राहिली तरी हळूहळू उतरते, म्हणून ती अधूनमधून भरायची आठवण फोनमध्ये लावली आहे. आणि आम्ही दोघांनीही प्रथमोपचाराच्या वर्गात नाव घातलं आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देण्याचा सराव बाबा एका हाताने करू पाहत होते; शिक्षकांनी त्यांना हात पूर्ण बरा होईपर्यंत मोजणी करायला बसवलं. मिनिटाला 100 ते 120 ही लय ते आता बोटांनी टेबलावर वाजवत असतात.

ताई, तुमच्या पट्ट्या, हातमोजे, ब्लँकेट, रुमाल सगळं आमच्यापायी संपलं. पिशवी पुन्हा भरली असेल तर कळवा, नसेल तर ते सामान आम्हाला भरून देऊ द्या. बाबांना तुमच्याशी स्वतः बोलायचं आहे.

तुमची ऋणी,
त्या रात्रीच्या जखमी काकांची मुलगी