‘सर्वांनी जरूर वाचावे’ पुरेसं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टी लागली की मुलांच्या पुरवण्यांत ‘मी वाचलेलं पुस्तक’ हे सदर हमखास दिसतं. लिहिणारी मुलंच असतात, तरी शेवट ठरलेला असतो : ‘हे पुस्तक खूप छान आहे, सर्वांनी जरूर वाचावे.’ खरा घोटाळा ‘सर्वांनी’ या शब्दात आहे. जोडाक्षराला अडखळणारी तिसरीतली मुलगी आणि दोन दिवसांत कादंबरी संपवणारा आठवीतला मुलगा, या दोघांना एकच पुस्तक कसं पुरणार? मुलांनी मुलांना पुस्तक सुचवताना ते कोणासाठी आहे आणि वाचणारा कुठे अडेल, या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. कौतुकाच्या ओळी कमी पडल्या तरी चालतील.

पुस्तकावर छापलेला वयोगट फार मनावर घेऊ नये. त्यापेक्षा बोटांची चाचणी करावी. पुस्तकाचं मधलं एखादं पान उघडून मोठ्याने वाचायचं आणि अर्थ न लागलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपेपर्यंत एखाद-दुसरं बोट मिटलं तर पुस्तक एकट्याने वाचता येईल. तीन-चार मिटली तर दमाने वाचावं लागेल. अख्खी मूठ मिटली, तर घरातलं कोणी मोठं माणूस शेजारी हवं. पहिलं पान मात्र चाचणीला घेऊ नये. तिथे बऱ्याचदा गावाचं, हवेचं वर्णन असतं. ते पुढच्या पानांपेक्षा जड असतं आणि पुस्तक उगीच अवघड वाटतं.

‘श्यामची आई’चंच पाहा. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक मुलांना बहुधा औषधासारखं दिलं जातं : ‘वाच, चांगले संस्कार होतील.’ असं सांगितलं की पुस्तक कपाटात गेलंच म्हणून समजा. त्याऐवजी असं सांगावं : यात ४२ रात्री आहेत, प्रत्येक रात्री एक गोष्ट, त्यामुळे सलग वाचायची गरज नाही. पोहायला घाबरून श्याम लपून बसतो, ती रात्र आधी वाच. विहिरीची भीती पोटात गोळा आणणारी आहे आणि आईचा कडकपणाही खरा वाटतो. मग ‘पत्रावळ’. अडतील ते कोकणातल्या घरातले, शेतातले, पूजेतले जुने शब्द. ते पेन्सिलीने वहीत लिहून आजी-आजोबांना विचारावेत, पुस्तकात खुणा करू नयेत. शेवटच्या रात्री फार दुःखाच्या आहेत. हेही आधीच सांगावं आणि लहान मुलाला त्या झोपताना एकट्याने वाचायला देऊ नयेत.

‘फास्टर फेणे’बद्दल सांगणं सोपं आहे. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा. वीस पुस्तकांचा संच पाहून नवा वाचक दबकतो आणि ‘पहिल्यापासूनच वाचायला हवं का?’ असं विचारतो. शिफारशीत त्याचं उत्तर असावं : नाही, मिळेल ते पुस्तक उचल. सायकल, धावपळ आणि जिभेने काढलेला त्याचा ‘ट्टॉक’ आवाज कुठेही भेटतातच. फक्त त्या काळी मोबाइल नव्हता, हे आधी सांगून ठेवावं. नाहीतर ‘याने फोन का नाही केला?’ यावरच गाडी अडते.

अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही पुस्तकं. चित्रंही त्यांचीच आहेत, म्हणून मजकूर वाचण्याआधी चित्र नीट पाहायला सांगावं. वाचताना अडखळणाऱ्या मोठ्या मुलांना मात्र ही पुस्तकं देऊ नयेत, त्यांना ‘बाळांचं पुस्तक’ मिळाल्याचा राग येतो. त्यांच्यासाठी विंदा करंदीकरांच्या बालकविता, ‘एटू लोकांचा देश’ किंवा ‘राणीची बाग’. कवितेची ओळ लहान असते, यमकामुळे पुढचा शब्द अंदाजाने येतो आणि विंदांची गंमत मोठ्यांनाही हसवते, त्यामुळे कमीपणा वाटत नाही. या कविता मनात वाचू नयेत, मोठ्याने म्हणाव्यात.

ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ मुलांसाठी आणि ‘चिंगी’ मुलींसाठी अशी वाटणी तर कोणीच करू नये. चिंगी मुलांनीही वाचावी, उगीच कशाला मुकायचं?

आता शेवट फोडण्याबद्दल. जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’मधली ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा विज्ञानकथेच्या नवख्या वाचकाला सुरुवातीला उत्तम, साधारण आठवीपासून पुढे. पण तिचा सगळा जीव एका रहस्यात आहे. ते कळलं की वाचायला काही उरत नाही. म्हणून तिच्याबद्दल नाव, लेखक आणि ‘शांतपणे एका बैठकीत वाच’ एवढंच सांगावं. नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! शेवट फोडण्यापेक्षा अशी हकिकत सांगितली तर पुस्तक हमखास उघडलं जातं.

सर्वांत जास्त फसगत होते ती भाषांतरांत. ज्यूल व्हर्नची एकच कादंबरी मराठीत पूर्ण अनुवाद म्हणून मिळते, रूपांतर म्हणून मिळते आणि ‘संक्षिप्त’ म्हणून चोपडीसारखी बारीकही मिळते. सुचवणाऱ्याने जाड पुस्तक वाचलेलं असतं, ऐकणाऱ्याच्या हाती बारीक येतं आणि ‘यात तर काहीच नाही’ म्हणून दोघांचं वाजतं. मुखपृष्ठावरून हा फरक कळेलच असं नाही. आतलं शीर्षकाचं पान आणि त्यामागचं बारीक टायपातलं पान वाचावं. तिथे अनुवाद, रूपांतर की संक्षेप, ते सापडतं. शिफारशीत अनुवादकाचं नाव, प्रकाशन आणि पानांची संख्या लिहावीच.

हे सगळं पाच इंच बाय तीन इंचाच्या कार्डावर, ६० ते ७० शब्दांत बसतं. वर पुस्तक, लेखक, प्रकाशन, पानं. मग कोणाला आवडेल (‘आठवी’ असं नुसतं नको, ‘ज्याला कोडी सोडवायला आवडतात त्याला’ असं). मग कुठे अडेल. मग कुठून सुरू करावं. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवू नये, तो पुस्तक खपवण्यासाठी लिहिलेला असतो. चांदण्या किंवा दहापैकी गुणही नकोत, आठ गुणांवरून काय कळतं? पुस्तक संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कार्ड लिहावं. त्याच दिवशी लिहिलं तर सगळंच भारी वाटतं आणि आठवड्याने पात्रांची नावंही चुकतात.

पुस्तक कुठे मिळेल, ही ओळ पुण्यात तरी सहज लिहिता येते. १८४८ पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर आणि नारायण पेठेतलं १९११ मध्ये स्थापन झालेलं पुणे मराठी ग्रंथालय आहे. विकत घ्यायचं तर अप्पा बळवंत चौक. तिथे जून महिन्यात शालेय पुस्तकांची झुंबड असते, गोष्टीचं पुस्तक तेव्हा मागू नये. मागताना नुसतं नाव न सांगता प्रकाशनही सांगावं, म्हणजे दुकानदाराला शोधायला सोपं जातं. आणि ज्याचं कुठलंच पुस्तक पुरं होत नाही त्याला बालभारतीचं ‘किशोर’ सुचवावं. १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

माझी विनंती एवढीच, की मुलांच्या पानावर दर आठवड्याला अशी दोन कार्डं छापावीत आणि ‘कुठे अडेल’ ही ओळ नसेल तर कार्ड परत पाठवावं. सोबत मुखपृष्ठाचं मोठं चित्र नको, त्यात निम्मी जागा जाते. त्या जागेत पुस्तकाच्या मधल्या पानावरची तीन-चार वाक्यं छापा. वाचणारी मुलं स्वतःच बोटं मिटून पाहतील.

आपली,
इयत्ता नववीतली एक वाचक, पुणे