चालू खात्याची तूट छापताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या सुमारास केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाचे आयात-निर्यातीचे आकडे येतात आणि ‘देशाची तूट वाढली’ असे मथळे झळकतात. ती असते व्यापार तूट, म्हणजे मालाची आयात निर्यातीपेक्षा जितकी जास्त तेवढी रक्कम. चालू खात्याची तूट वेगळी. ती रिझर्व्ह बँक तिमाहीनंतर साधारण तीन महिन्यांनी जाहीर करते. सरकारच्या अर्थसंकल्पातली राजकोषीय तूट आणखी तिसरीच. बातम्यांत या तिन्हींची सर्रास सरमिसळ होते, म्हणून हे पत्र.

चालू खात्यात मालाबरोबर सेवांचा व्यवहार, गुंतवणुकीवरचे व्याज-लाभांश आणि परदेशातल्या माणसांनी घरी पाठवलेले पैसे येतात. रावेर-यावलची केळी कंटेनरने आखातात गेली की जमा. जळगावच्या सराफ बाजारासाठी सोने आयात झाले की खर्च. दुबईत नोकरी करणाऱ्याने धुळ्यात आईला पैसे पाठवले तर तेही जमा. पण त्याने ते इथल्या बँकेत अनिवासी भारतीयांच्या ठेवीत ठेवले तर ती नोंद वित्तीय खात्यात, म्हणजे गुंतवणूक, कर्जे आणि ठेवींच्या खात्यात, जाते. त्या ठेवीतून घरच्यांनी इथे रुपये काढले की तेवढी रक्कम चालू खात्यात धरतात. परदेशी कर्जाचेही तसेच आहे : व्याज चालू खात्यात, मुद्दल वित्तीय खात्यात.

2024-25 मध्ये वस्तू-व्यापाराची तूट सुमारे 287 अब्ज डॉलर होती. सेवा, घरी आलेले पैसे वगैरेंची निव्वळ जमा सुमारे 264 अब्ज. म्हणून चालू खात्याची तूट राहिली 23 अब्जांच्या आसपास, जीडीपीच्या 0.6 टक्के. फक्त 287 चा आकडा वाचणारा वाचक विनाकारण घाबरतो.

उलट बाजूही तितकीच फसवी आहे. 2020-21 मध्ये चालू खात्यात जीडीपीच्या 0.9 टक्के शिल्लक होती, ती टाळेबंदीत मागणी आणि आयात कोसळल्यामुळे. ते सुदृढ अर्थव्यवस्थेचे लक्षण नव्हते. जानेवारी-मार्च ही तिमाही बहुधा चांगलीच दिसते. त्यामुळे 2025 च्या त्या तिमाहीतील 13.5 अब्जांची शिल्लक आधीच्या तिमाहीशी न ताडता 2024 च्या त्याच तिमाहीशी ताडायला हवी.

खरा प्रश्न असतो तो तूट कशाने भरली याचा. 2012-13 मध्ये ती जीडीपीच्या 4.8 टक्क्यांवर गेली होती आणि तिचा मोठा भाग शेअर-रोख्यांत आलेल्या, केव्हाही काढून नेता येणाऱ्या पैशाने भरला जात होता. मे 2013 मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने रोखेखरेदी कमी करण्याचे संकेत दिले आणि तो पैसा परत फिरू लागला. डॉलर 55 रुपयांच्या आसपास होता, तो ऑगस्टअखेर 68 च्या पुढे गेला. हीच तूट कारखान्यांत गुंतलेल्या थेट परकीय गुंतवणुकीने भरली असती, तर ती गुंतवणूक अशी रातोरात पळाली नसती.

खान्देशात रुपयाच्या अशा घसरणीची झळ सर्वांत आधी खताच्या दुकानात लागते. केळीला पोटॅश भरपूर लागते आणि भारत ते जवळजवळ सगळे आयात करतो. 2010 पासून पोटॅशवरचे अनुदान किलोमागे ठरवून दिलेले असते. त्यामुळे हंगामाच्या मध्यावर रुपया घसरला, तर वाढीव भार बहुतांशी गोणीच्या किमतीत उतरतो. ठिबकच्या नळ्या आणि पीव्हीसी पाइपांचा कच्चा मालही बराचसा बाहेरूनच येतो.

तूट कमी करण्यासाठी सोन्यावर आयात शुल्क वाढवणे हा उपाय ऑगस्ट 2013 मध्ये झाला. शुल्क 10 टक्क्यांवर नेले. नोंदलेली आयात त्याने घटते, हे खरे. पण चोरट्या मार्गाने येणाऱ्या सोन्याचे पैसे हवालाने चुकते होतात, म्हणजे बँकेतून यायचे डॉलर बाहेरच राहतात. कागदावर सोन्याची रक्कम कमी दिसते आणि घरी येणाऱ्या पैशांची जमाही. माझ्या मते शुल्कापेक्षा महागाई आटोक्यात ठेवणे हा खात्रीचा उपाय आहे, कारण महागाई वजा जाता ठेवीवर खरे व्याज उरत नाही, तेव्हा घरची बचत सोन्याकडे वळते.

पहिले आकडे नंतर बदलतात, हेही ध्यानात असावे. नोव्हेंबर 2024 ची सोन्याची आयात आधी 14.8 अब्ज डॉलर जाहीर झाली, पुढे ती 9.8 अब्जांवर आणावी लागली.

तेव्हा विनंती एवढीच : तुटीची बातमी देताना जीडीपीशी टक्केवारी, गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीचा आकडा आणि थेट गुंतवणूक व शेअर-रोख्यांतील गुंतवणूक किती आली, हे तीन आकडे सोबत छापावेत. रिझर्व्ह बँकेच्या पत्रकात ते तिन्ही असतात.

आपला,
अर्थशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, अमळनेर