सायलीस, दंतवैद्यकाच्या एका जुन्या विद्यालयाबद्दल

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

एमबीबीएस हुकलं म्हणून बीडीएसला आलीस, असं तू मैत्रिणीला सांगत होतीस. दातांचं शिक्षण म्हणजे वैद्यकाच्या खालची पायरी, असा तुझा समज झालेला दिसतो. हा समज तुझ्या एकटीचा नाही, फार जुना आहे. तो मोडायला जिथे सुरुवात झाली, त्या विद्यालयाची हकिकत तुला सविस्तर लिहितो. मी काही कॉलेजात शिकलेला माणूस नव्हे. पण आयुष्यभर लॅबमध्ये कवळ्या आणि कॅपा करताना या विषयावर जे हाती लागलं ते वाचत आलो आहे.

दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत दातांचं काम उस्तादाच्या हाताखाली राहून शिकायचं. सोनाराकडे हात बसलेली मुलंही या धंद्यात येत. 1840 साली होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस यांनी बाल्टिमोरला जगातलं पहिलं दंतमहाविद्यालय काढलं. फार मोठं काम झालं ते, पण ते कॉलेज स्वतंत्र होतं, कुठल्याही विद्यापीठात नव्हतं. दंतवैद्य तयार व्हायला लागले, तरी विद्येच्या घरात त्यांना जागा नव्हती. ती मिळाली 17 जुलै 1867 रोजी. त्या दिवशी बोस्टनजवळच्या हार्वर्ड विद्यापीठाने स्वतःचं दंतविद्यालय स्थापन केलं. अमेरिकेत विद्यापीठाच्या अंगाखांद्यावर वाढलेलं हे पहिलं दंतविद्यालय.

त्याचे पहिले डीन नेथन कूली कीप. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. तरुणपणी ते जवाहिऱ्याकडे उमेदवारी करत होते. पुढे दातांचं काम शिकले आणि हार्वर्डमधूनच वैद्यकाची पदवीही घेतली. हातातलं कसब आणि डोक्यातलं वैद्यक दोन्ही एकाच माणसात. 1846 च्या ऑक्टोबरमध्ये बोस्टनच्याच विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर देऊन रुग्णाला वेदना न होता शस्त्रक्रिया करता येते हे रुग्णालयात सगळ्यांसमोर दाखवलं. पुढच्याच एप्रिलमध्ये कवी लाँगफेलो यांच्या पत्नी फॅनी यांच्या बाळंतपणात कीप यांनी त्यांना ईथर दिलं. अमेरिकेत बाळंतपणात भूल देण्याची ती पहिली वेळ, आणि देणारा दातांचा डॉक्टर. दंतवैद्यकाला खालची पायरी म्हणताना एवढं तरी लक्षात ठेव.

आता त्यांची दुसरी गोष्ट. लॅबमध्ये नवीन आलेल्या प्रत्येक पोराला मी ती सांगतो. बोस्टनला जॉर्ज पार्कमन नावाचे श्रीमंत गृहस्थ होते. हार्वर्डच्या वैद्यकीय कॉलेजच्या इमारतीला जमीन त्यांनीच दिली होती. 1849 च्या नोव्हेंबरमध्ये ते एकाएकी बेपत्ता झाले. आठवडाभराने त्याच कॉलेजात, जॉन वेबस्टर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत, एका मृतदेहाचे तुकडे सापडले. वेबस्टर पार्कमन यांना कर्जाचे पैसे देणं लागत होते. पण तो देह पार्कमन यांचाच, हे सिद्ध कसं करायचं? भट्टीच्या राखेत चिनी मातीच्या कृत्रिम दातांचे तुकडे निघाले. ते दात तीन वर्षांपूर्वी कीप यांनीच केले होते. पार्कमन यांचा खालचा जबडा विचित्र ठेवणीचा होता, आणि जीभ अडते म्हणून कवळी आतून घासून दिली होती. ती घासलेली जागा कीप यांनी बघताक्षणी ओळखली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जबड्याचा प्लास्टरचा साचा त्यांनी जपून ठेवलेला होता. न्यायालयात ते तुकडे साच्यावर बसवून दाखवले आणि बरोबर बसले. वेबस्टरना फाशी झाली. दातांवरून माणूस ओळखण्याच्या न्यायवैद्यकातला हा सुरुवातीचा गाजलेला खटला. साचे फेकू नका म्हणून मी सगळ्यांच्या मागे का लागतो, ते आता तुला कळेल.

पण या विद्यालयाचं मला सर्वांत जास्त महत्त्व वाटतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली 1865 साली. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत हे विद्यालय निघालं. वॉशिंग्टनचा रॉबर्ट टॅनर फ्रीमन नावाचा कृष्णवर्णीय तरुण एका दंतवैद्याच्या हाताखाली काम शिकला होता. दुसऱ्या दंतविद्यालयांत त्याला रंगावरून प्रवेश नाकारण्यात आला. हार्वर्डमध्ये कीप त्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्याला प्रवेश मिळाला. 1869 साली पहिल्या तुकडीतून सहाजण पदवी घेऊन बाहेर पडले, त्यांत फ्रीमन होता. अमेरिकेत दंतवैद्यकाची पदवी मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. वॉशिंग्टनला परत जाऊन त्याने व्यवसाय सुरू केला, पण 1873 मध्येच तो गेला. सायली, तिशीही गाठली नव्हती गं त्याने. त्याचा नातू रॉबर्ट वीव्हर 1966 साली अमेरिकेच्या मंत्रिमंडळात बसला. तिथवर पोहोचलेला पहिला कृष्णवर्णीय माणूस तो.

फ्रीमनच्या पुढच्याच वर्षी, 1870 ला, जॉर्ज फ्रँकलिन ग्रँट पदवीधर झाला. गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा हा मुलगा, पंधराव्या वर्षी एका दंतवैद्याकडे निरोप्याचं काम करायचा. 1871 पासून तो हार्वर्डमध्ये शिकवायला लागला. त्या विद्यापीठातला पहिला कृष्णवर्णीय शिक्षक. आणि कुठल्या विभागात? यांत्रिक दंतशास्त्राच्या, म्हणजे कवळ्या, साचे, जोडकामाच्या. आपल्याच कामाच्या. जन्मतः टाळू दुभंगलेल्या माणसांना नीट बोलता-गिळता यावं म्हणून त्याने कृत्रिम टाळू तयार केला आणि त्यातला जाणकार म्हणून नाव मिळवलं. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट स्वतः त्याचे रुग्ण होते. पुढे 1899 मध्ये त्याने गोल्फचा चेंडू ठेवायच्या लाकडी खुंटीचं पेटंटही घेतलं. लोक त्याला त्या खुंटीमुळे ओळखतात. मी त्याला टाळूमुळे ओळखतो.

ती मुलं शरीररचना वगैरे विषय वैद्यकीयच्या प्राध्यापकांकडूनच शिकली, हे विद्यापीठात असल्यामुळे जमलं. पुढे 1926 मध्ये विल्यम गाइस या जीवरसायन शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या दंतशिक्षणाची पाहणी प्रसिद्ध केली आणि हे शिक्षण विद्यापीठातच व्हायला हवं, असं बजावून सांगितलं. हार्वर्डने तो विचार जवळजवळ साठ वर्षं आधी अमलात आणला होता.

आपल्याकडेही धागा येतो तो बोस्टनवरून. ढाक्याकडचे रफीउद्दीन अहमद आयोवा विद्यापीठातून 1915 साली दंतवैद्य झाले, बोस्टनच्या लहान मुलांच्या फोर्सिथ दवाखान्यात त्यांनी काम केलं आणि मायदेशी परतून 1920 मध्ये कलकत्त्याला भारतातलं पहिलं दंतमहाविद्यालय काढलं. पैसा कुठून आणला, तर 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं दुकान चालवून. पुढे 1949 मध्ये त्यांनी ते कॉलेज सरकारच्या हवाली केलं. तू ज्या वर्गात बसतेस, तसे वर्ग आपल्या देशात भरायला लागले ते त्यांच्यामुळे.

आता कामाचं. पहिल्या वर्षी तुम्हाला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतील. घाईने खोदू नकोस. आधी चारही बाजूंनी दाताची बाह्यरेषा काढ, मग एकेक बाजू थोडीथोडी उतरव, चघळायचा पृष्ठभाग सगळ्यात शेवटी. कोरणी रोज पुसून ठेव. दाढ बिघडली तर ठोकळा टाकू नकोस, त्याच मेणातून पटाशीचा दात होतो. चांगलं मेण तिथे मिळालं नाही तर सांग, सोमवारच्या कुरिअरने लॅबमधून पाठवतो. आईने डिंकाचे लाडू केले आहेत, तेही त्यातच येतील.

तुझे,
बाबा