अ‍ॅमरीचं काय करू?

पुणे,
रविवार दुपार

प्रिय सुध्या,

तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच, गुडघा आहे तसाच. डॉक्टर म्हणतात चाला, मी म्हणतो बघू. झाला हा विषय.

लिहायचं कारण वेगळं. चर्चिलवरच्या माझ्या पुस्तकाचं बाड प्रकाशकांकडून परत आलंय. नाकारलं असतं तर बरं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. संपादक पोरगा तरुण आहे, हुशार आहे, आणि गोड बोलतो, म्हणजे तिथेच माझी पंचाईत. म्हणाला, "काका, १९४० च्या प्रकरणानं अंगावर काटा आला. पण १९४३ फार जड होतंय, नेतृत्वाच्या मालिकेत बसत नाही. बंगालचा दुष्काळ परिशिष्टात टाकू या का? आणि हा अ‍ॅमरी कोण? त्याला कशाला एवढी पानं?"

हिला सांगितलं तर म्हणाली, टाका की परिशिष्टात, पैसे देतायत ना! बंड्याला सांगावं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर. राहता राहिलास तू. "अव्या, तू चर्चिलचं चरित्र लिहिणार नाहीस, आरती लिहिशील," हे वाक्य तू हॉस्टेलच्या गच्चीवर ऐकवलं होतंस. ते मी विसरलो नाही, विसरणारही नाही, आणि हे सगळं हस्तलिखित एका अर्थी तुझ्या त्या वाक्याला दिलेलं उत्तर आहे. म्हणून आता तूच निस्तर.

अ‍ॅमरी कोण, हे तुला सांगायला नको. पण त्या पोराला जे सांगितलं ते तुलाही ऐकवतो, कारण सांगताना मलाच चेव चढला. लिओ अ‍ॅमरी, जन्म गोरखपूरचा. हॅरोच्या शाळेत चर्चिल नवा होता तेव्हा पोहण्याच्या तलावाकाठी एक बुटका मुलगा उभा दिसला. चर्चिलनं दिला ढकलून. तो निघाला हाच अ‍ॅमरी, वरच्या वर्गातला, चांगला दांडगा. मग चर्चिल माफी मागायला गेला आणि म्हणाला काय, तर माझे वडील थोर माणूस आहेत आणि तेही बुटकेच आहेत! हा प्रसंग चर्चिलनं स्वतःच लिहून ठेवलाय, आणि मला तो अख्ख्या पुस्तकाचं दार वाटतो.

कारण पुढे काय होतं बघ. मे १९४०. नॉर्वेत ब्रिटिशांची फजिती झालेली. आरमारखातं चर्चिलकडेच, म्हणजे फजितीतला मोठा वाटा त्याचा, पण लोकांचा राग पंतप्रधान चेम्बरलेनवर. सात तारखेला संसदेत, कॉमन्समध्ये हाच अ‍ॅमरी स्वतःच्याच पक्षाच्या पंतप्रधानाकडे बघून क्रॉमवेलचे शब्द म्हणतो, देवाच्या नावानं चालते व्हा. दुसऱ्या दिवशी मतदान. २८१ विरुद्ध २००, म्हणजे सरकार जिंकलं. पण दोनशेच्या वरचं मताधिक्य ८१ वर आलं आणि चेम्बरलेन संपला. त्याच चर्चेत लॉइड जॉर्जनं चर्चिलला सुनावलं की सहकाऱ्यांवर उडणारे तुकडे झेलायला स्वतःचा हवाई हल्ल्याचा निवारा करून घेऊ नका. (हे वाक्य सर वर्गात दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी आधी स्वतःच हसायचे.) दहा तारखेला चर्चिल पंतप्रधान. ज्याला तलावात ढकललं त्यानंच गादीचा रस्ता मोकळा केला. आणि बक्षीस काय? भारतमंत्रिपद. तिथून पुढची पाच वर्षं भारताविषयी चर्चिल जे जे बोलला ते रोज ऐकायचं आणि रात्री रोजनिशीत उतरवायचं.

आता तू हॅलिफॅक्स काढणार, म्हणजे आपला जुना व्हाइसरॉय आयर्विन, तेव्हाचा परराष्ट्रमंत्री, मला माहीत आहे. तुम्ही सांगलीकर आयर्विनच्या पुलाशी इमान राखणार! काढ. त्या मेच्या अखेरच्या प्रकरणात मी तुझ्या आयर्विनसाहेबाला भित्रा केलेला नाही. डंकर्कच्या किनाऱ्यावर सैन्य अडकलंय, सव्वातीन लाखांवर माणसं परत येतील हे कोणालाच माहीत नाही, आणि अशा वेळी इटलीमार्फत अटी तरी विचारून बघू म्हणणारा माणूस मूर्ख नव्हता. हिशेबानं तोच बरोबर होता. चर्चिल ऐकायलाच तयार नव्हता. २६ ते २८ मे बैठकांमागून बैठका झाल्या, अ‍ॅटली आणि ग्रीनवुड हे मजूर पक्षाचे मंत्री चर्चिलच्या बाजूनं राहिले, शेवटी त्यानं बाकीच्या मंत्र्यांना गोळा करून त्यांच्याकडून वदवून घेतलं की लढायचं. आणि नंतर स्वतःच्या ग्रंथात काय लिहितो, तर एकट्यानं लढावं की नाही हा प्रश्न युद्धमंत्रिमंडळापुढे कधी आलाच नाही! कागदपत्रं खुली झाल्यावर ते सगळं बाहेर आलं. सहा खंड लिहिले, १९५३ मध्ये साहित्याचं नोबेल घेतलं, आणि त्या मोठ्या कथनात बंगालच्या दुष्काळाला जागा नाही. आमचा पोरगा तेच करा म्हणतोय, फक्त परिशिष्टाच्या गोड नावानं.

माझं घोडं अडलंय ते इथे. मे १९४० मध्ये ऐकून न घेणं हा गुण ठरला. १९४३ मध्ये तोच माणूस त्याच युद्धमंत्रिमंडळात ऐकून घेत नाही. दिल्लीहून पाच लाख टन धान्याची मागणी आलीय, अ‍ॅमरी जीव तोडून सांगतोय, आणि चर्चिल, त्याचा लाडका शास्त्रज्ञ चेरवेल आणि जहाजांचा मंत्री लेदर्स मागणीला कात्री लावतायत. अ‍ॅमरीनं नोंदलंय की चर्चिलच्या मते आधीच अर्धपोटी असलेल्या बंगाल्यांची उपासमार ही धट्ट्याकट्ट्या ग्रीकांच्या उपासमारीइतकी गंभीर नव्हे. यावर अ‍ॅमरीचा शेरा असा की युद्धाच्या दृष्टीनं तो बरोबरही असेल, पण साम्राज्य म्हणून आपली काही जबाबदारी आहे की नाही? हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

थांब, तुझा वकिली सूर ऐकू येतोय. जहाजं खरोखरच कमी होती. ब्रह्मदेश पडल्यानं तिकडचा तांदूळ बंद झाला होता. १९४२ च्या ऑक्टोबरात मेदिनीपुरात वादळ झालं, जपान्यांच्या भीतीनं सरकारनंच होड्या जप्त केल्या, प्रांताप्रांतांनी धान्य अडवलं, व्यापाऱ्यांनी साठे केले. वेव्हेलला व्हाइसरॉय म्हणून पाठवला तो चर्चिलनंच, आणि एप्रिल १९४४ मध्ये गव्हासाठी रूझवेल्टकडे जहाजंही मागितली. ती मिळाली नाहीत. हे सगळं घातलंय रे, एकही गोष्ट लपवलेली नाही. पण तीसेक लाख माणसं गेली, आणि ती जात असताना त्या खोलीत चाललेल्या विनोदांची नोंद आपल्याकडे आहे. ती परिशिष्टात कशी टाकू? १९४० वाचून ज्याच्या अंगावर काटा आला, त्यानं पान उलटून त्याच माणसाला १९४३ मध्ये भेटायला नको?

तुझा खरा आक्षेप अ‍ॅमरीवर असणार, आणि तो रास्त आहे. तुझे आजोबा येरवड्यात गेले ते तोच भारतमंत्री असताना. आगाखान पॅलेसमध्ये गांधींना डांबलं, कस्तुरबा तिथेच गेल्या, तेव्हाही तोच. साम्राज्य सोडायची त्याची बिलकुल तयारी नव्हती. म्हणून मी त्याला नायक केलेलं नाही. पण ऑगस्ट १९४४ मध्ये भारतावरून चर्चिलनं तोंड सोडलं तेव्हा हा तोंडावर म्हणाला की तुमच्या आणि हिटलरच्या दृष्टिकोनात मला फारसा फरक दिसत नाही. आणि त्याच सुमारास त्याचा थोरला मुलगा हिटलरच्या गोटात, बर्लिनहून रेडिओवर बोलून चुकलेला! युद्ध संपल्यावर, डिसेंबर १९४५ मध्ये, देशद्रोहासाठी फाशी गेला. असा बाप असं वाक्य बोलतो, सुध्या. कादंबरीत लिहिलं असतं तर तूच म्हणाला असतास, अव्या, फार होतंय.

पोराला मी एवढंच कळवलंय की दुष्काळ जागचा हलणार नाही. तो म्हणाला, वरिष्ठांशी बोलतो. बोलू दे. हवं तर ससून डॉकचं पान काढा म्हटलं, १८९६ मध्ये होडीतून उतरताना धक्क्याची कडी धरली आणि चर्चिलचा खांदा निखळला तो किस्सा. (ती कडी शोधायला आपण गेलो होतो आणि तू कोळणीशी पापलेटच्या भावावरून भांडत बसलास. कडी राहिली, पापलेटही महागच पडलं.) तेही पान काढायचं जिवावर येतं, पण सौदा म्हटलं की काहीतरी सोडावं लागतं. अ‍ॅमरीची पानं मात्र कमी करू का, हे तू सांग. दुष्काळ ठेवून अ‍ॅमरी छाटला तर पुस्तक पातळ होईल असं मला वाटतं, पण मला काय, माझ्या तर सगळ्याच पानांवर जीव आहे.

तुझं काय चाललंय? हळदीला भाव बरा आहे म्हणे यंदा. अभिजितचं लग्न ठरलं हे बंड्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही, याचा हिशेब भेटल्यावर. वहिनींची आठवण ही रोज काढते, त्यांना नमस्कार सांग.

सोबत दोन्ही प्रकरणांच्या झेरॉक्स आहेत. शाईनं खरड, पेन्सिल मला दिसत नाही. आणि वेव्हेलची रोजनिशी तुझ्याकडे आहे, नाही म्हणू नकोस, आतल्या पानावर माझं नाव आहे. गांधी अजून मेले कसे नाहीत अशी चर्चिलनं तारेनं विचारणा केली, ती नोंद मला पुन्हा शब्दशः बघायचीय. पुस्तक कुरिअरनं पाठव. खोक्यात जागा उरली तर भडंग घाल, तिखटाचं, मागच्या वेळसारखं गुळमट नको.

तुझा,
अव्या