नाव चुकलं म्हणून पावती बाद होत नाही

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल मिळालं. लाल सिग्नल तोडल्याच्या दंडाच्या पावतीचा फोटो मोठा करून दोनदा वाचला. आडनावात एक अक्षर चुकलंय, पांढऱ्या गाडीचा रंग करडा लिहिलाय, आणि तेवढ्यावरून तू ठरवून टाकलंयस की पावतीच बाद, आता तारखेला जायची गरज नाही. म्हणून हातातली कामं ठेवून लिहायला बसलो. तारखेला जा. बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल.

हे मी भोगलंय, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय. काही वर्षांपूर्वी माझ्या पावतीवर महिना चुकला होता. मीही गेलो नाही. निकाल माझ्या गैरहजेरीत लागला, दंड वाढला, आणि नंतर चूक दाखवायला गेलो तेव्हा ती ऐकून घ्यायची वेळ टळून गेली होती. चूक खरीच होती, मी ती वेळेवर सांगितली नाही. त्याची टोचणी अजून जात नाही.

तेव्हापासून याबद्दल सापडेल ते वाचत आलोय. देश बदलला की नियम बदलतात, तरी न्यायालयं बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट विचारतात: या चुकीमुळे तुमची दिशाभूल झाली का? आरोप कशाचा आहे हे कळलं नाही, बचाव चुकीच्या दिशेने गेला, असं काही घडलं का? भारताच्या १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २१५ खाली याची उदाहरणंच दिली होती, आणि तीही थेट खुनाची. एकात मृताचं नाव चुकलेलं आणि तारीखही एका दिवसाने चुकलेली. पण आरोपीवर खुनाचा आरोप एकच होता आणि चौकशी कोणाच्या खुनाची चाललीय हे त्याने स्वतः ऐकलं होतं, त्यामुळे चूक गौण. दुसऱ्यात आरोपीवर लागोपाठच्या दोन दिवसांतले दोन खून होते. आरोप एकाचा ठेवला आणि खटला दुसऱ्याचा चालवला, आरोपी मात्र साक्षीदार पहिल्याचे घेऊन आला. तिथे चूक महत्त्वाची ठरते. खुनाच्या आरोपात नाव आणि तारीख दोन्ही चुकून खटला टिकत असेल, तर तुझ्या आडनावातल्या एका अक्षराचं काय होईल ते तूच बघ.

इंग्लंडच्या १९८०च्या मॅजिस्ट्रेट्स कोर्ट्स ॲक्टमध्येही (कलम १२३) हाच विचार आहे. आरोपपत्रातल्या दोषावर नुसती हरकत चालत नाही. कागदावर एक आणि पुराव्यात दुसरंच, आणि त्याने तुमची दिशाभूल झाली असेल, तर सुनावणी पुढे ढकलून मिळते. सुटका नाही, तयारीला वेळ.

‘चूक निघाली आणि सुटलो’ म्हणणारे सगळे खोटं बोलतात असं मात्र नाही. कॅनडातल्या ओंटारियोत वाहनचालकाने उत्तरच दिलं नाही, तर कागद तपासला जातो आणि तो वरवर पाहता पूर्ण व नियमित नसेल तर रद्द होतो. दंडाची ठरलेली रक्कम चुकीची लिहिली असेल तर कागद टिकत नाही, असं तिथल्या अपील न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं. पण तोच चालक हजर झाला, तर चूक दुरुस्त करून घेता येते. ऐकीव गोष्टी बहुधा अशाच एखाद्या ठिकाणच्या असतात, आणि आपण त्या आपल्याला लावून घेतो.

आता तुझ्या पावतीकडे ये. मला त्या अक्षरापेक्षा रंग महत्त्वाचा वाटतो. अक्षर लिहिताना चुकतं, रंग बघताना. पावती लिहिणाऱ्याने नक्की तुझीच गाडी पाहिली का, हा प्रश्न तिथून निघतो. तो पावती बाद करण्याचा मुद्दा नाही, पुराव्याचा आहे, आणि पुराव्याचा म्हणूनच मांड. “कागद चुकीचा आहे” असं म्हणू नकोस. “माझी गाडी पांढरी आहे, इथे करडी लिहिलीय, फोटो दाखवा” असं म्हण. फोटोत दुसरीच गाडी निघाली, किंवा नंबरातला एक आकडा वेगळा निघाला, तर ती लिहिण्यातली चूक राहतच नाही. मग तो दुसऱ्याच कुणाचा गुन्हा आहे. ठिकाण आणि वेळही याच नजरेने तपास. त्या वेळी तू दुसरीकडे होतास हे दाखवता येत असेल, तर त्या एका ओळीवर सगळं फिरू शकतं. कलमाचा आकडा चुकला असेल पण शेजारी ‘लाल सिग्नल तोडला’ असं स्पष्ट लिहिलंय, यावर मात्र फार वेळ घालवू नकोस.

मूळ पावतीवर काही खरडू नकोस, दुरुस्तीही करू नकोस. गाडीची नोंदणीची कागदपत्रं आणि नंबर दिसेल असा फोटो सोबत ठेव. आणि लढायचं असेल तर आधी दंड भरू नकोस. बऱ्याच ठिकाणी दंड भरला की गुन्हा कबूल केला असं धरतात. हरकतीची मुदत पावतीच्या मागच्या बाजूला असेल, ती आजच बघ.

एक गोष्ट तू पत्रात कुठेच लिहिली नाहीस. सिग्नल लाल होता का? मी तुला दोष द्यायला विचारत नाही. तो लाल होता आणि तू गेलास, तर मी तुला दंड भरून मोकळा हो असंच सांगेन. नव्हता, तर तारीख कळव. मी सोबत येतो.

तुझाच,
जुना मित्र