तो ४० आकडा

तीर्थरूप आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "आता चाळीसच टक्के हृदय उरलंय." ते ऐकल्यापासून चैन नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

टू-डी इकोतला, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र काढणाऱ्या तपासणीतला, तो ४० आकडा मार्कांसारखा वाचू नका. हृदयाचा डावा खालचा कप्पा भरला की त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, एवढंच तो सांगतो. धडधाकट माणसाचाही कप्पा पूर्ण रिकामा होत नाही. साधारण १२० मिलिलिटर भरलं तर ७० च्या आसपास बाहेर जातं, बाकीचं आतच राहतं. ५५ ते ७० टक्के म्हणजे पंपिंग उत्तम. तुमचं कमी आहे, ते मी नाकारत नाही. पण ६० टक्के हृदय मेलं, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

तुम्ही आयुष्यभर वेल्डिंगमधल्या भेगा ध्वनिलहरींनी शोधल्यात. १९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी हृदयाचा पहिला इको काढला, तो धातूतले दोष शोधायच्या अशाच एका उसन्या आणलेल्या यंत्राने. हे वाचलं तेव्हा मला तुमचीच आठवण झाली. एका रीडिंगवर तुम्ही कधी नग रिजेक्ट केला नाहीत ना? मग स्वतःला का करताय?

रिपोर्टमध्ये पुढच्या भिंतीसमोर 'हायपोकायनेशिया' लिहिलंय. म्हणजे ती भिंत कमी हलते. अजिबात हलत नसती तर 'अकायनेशिया' लिहिलं असतं. शिवाय तिची जाडी नॉर्मल आहे, आणि मला सगळ्यात धीर देणारी ओळ तीच वाटली. स्नायू मरून जुना व्रण झाला की भिंत पातळ होते, इकोत जास्त चकाकते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तवाहिनी उघडली तरी जिवंत स्नायू काही दिवस, कधी काही आठवडे, बधिर राहतो आणि मग हळूहळू कामाला लागतो. म्हणूनच डॉक्टरांनी पुन्हा इको सांगितलाय. किती सुधारेल ते आज कुणीच सांगू शकत नाही, पण वाट बघण्यासारखं नक्की आहे.

'स्ट्रेन' म्हणजे ठोक्यात हृदयाच्या स्नायूची लांबी किती टक्के बदलते ते. त्यापुढचं वजा चिन्ह बघून दचकू नका. आकुंचन पावताना स्नायूची लांबी कमी होते, म्हणून ते वजा. निरोगी हृदयात ते वजा २० च्या आसपास असतं, तुमचं वजा १४ आहे.

आई, पडद्यावरचा निळा रंग म्हणजे अशुद्ध रक्त नव्हे गं. रक्त प्रोबकडे (छातीवर फिरवतात त्या यंत्राकडे) येतं तेव्हा लाल दिसतं, लांब जातं तेव्हा निळं. तू उगाच रात्रभर जागलीस.

पुढचा इको शक्यतो त्याच ठिकाणी करू, जुना रिपोर्ट सोबत घेऊन. मोजणाऱ्याप्रमाणे आकडा चार-पाच टक्के इकडेतिकडे होतो, त्यामुळे ३८ आला तर खचू नका. आणि ५० आला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही.

त्या आठवड्यात मी रजा काढून येतेय. बाबा, आत तुमच्यासोबत मी येईन. ती पुढची भिंत आपण दोघं मिळून बघू.

तुमची लेक