मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: डिस्चार्जनंतरचे तीन महिने

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी भल्या पहाटे गोठ्यात धार काढताना माझ्या वडिलांना, आबांना, लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. शेजाऱ्यांची जीप मिळाली म्हणून साडेचार तासांच्या आत जिल्ह्याच्या ठिकाणी पोचलो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं. आबा वाचले. त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही. हे पत्र त्यापुढच्या दिवसांबद्दल आहे.

नवव्या दिवशी घरी सोडलं. कागदावर शेवटची ओळ होती, ‘फिजिओथेरपी चालू ठेवा.’ कुठे ठेवायची? माणदेशातल्या आमच्या वाडीतून जिल्ह्याचं ठिकाण एसटीने अडीच तास. लुळं पडलेलं माणूस गाडीत चढवायला दोघं लागतात आणि दोघांचाही रोज बुडतो. तालुक्याहून खासगी फिजिओथेरपिस्ट घरी यायचे, एका खेपेचे पाचशे रुपये. आठ दिवस बोलावलं, मग पैसे संपले. वाडीत लोक म्हणायचे, पडून राहू द्या, अंगात ताकद भरू द्या. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. ते आम्ही केलं नाही, पण दुसरी चूक रोज केली. आबांना खाटेवरून उठवताना लुळा हात धरून ओढायचो. महिन्याभरात खांदा सांध्यातून खाली उतरला आणि दुखण्यापायी त्यांनी हात हलवू देणंच बंद केलं. हात ओढायचा नाही, कमरेला आधार देऊन उठवायचं, एवढं कुणी पहिल्याच आठवड्यात दाखवलं असतं तर तो खांदा वाचला असता.

साहेब, लकव्यानंतरच्या व्यायामाला आपल्याकडे अजून मालिशीसारखं समजतात. मुळात हात धड असतो. त्याला हुकूम देणारा मेंदूचा तुकडा मेलेला असतो. १९९६ साली अमेरिकेत रँडॉल्फ नूडो आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूत, हात चालवणाऱ्या भागात, छोटी इजा केली. ज्या माकडांकडून बारीक खळग्यांतून दाणे उचलण्याचा सराव करून घेतला, त्यांच्या मेंदूतला हाताचा उरलेला भाग टिकला. काहींत तो शेजारच्या कोपर-खांद्याच्या जागेत पसरलासुद्धा. सराव न मिळालेल्यांत इजा न झालेला भागही आक्रसला. हात वापरला नाही तर मेंदू हाताची जागा सोडून देतो. सुधारणा पुढेही होते, पण सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीनेक महिन्यांत. आमचे ते महिने खाटेवर गेले.

व्यायाम कधी आणि किती, हेही अंदाजाने ठरवता येत नाही. २,१०० हून अधिक रुग्णांच्या ‘अव्हर्ट’ अभ्यासात (२०१५) पहिल्या २४ तासांतच उठवून वारंवार हालचाल करून घेतलेल्यांची स्थिती नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली. मग घरच्यांनाच शिकवून भागेल का? ते आपल्याच देशात तपासून झालंय. ‘अटेंड’ अभ्यासात १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या कुटुंबीयांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं. २०१७ साली निष्कर्ष आला: सहा महिन्यांनंतर मृत्यू आणि परावलंबन यांत काही फरक पडला नव्हता. आम्ही रात्रंदिवस आबांपाशी होतो, तरी खांदा उतरलाच. माया होती, हातात कसब नव्हतं.

यासाठी महागडी यंत्रं लागतात, असं आपल्याला कुणी सांगेल. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, ४०८ रुग्णांच्या अमेरिकन ‘लीप्स’ अभ्यासात पट्ट्यांनी तोलून ट्रेडमिलवर चालवलेले रुग्ण आणि घरी फिजिओथेरपिस्टने ताकदीचे व तोलाचे व्यायाम करून घेतलेले रुग्ण वर्षअखेरीस चालण्यात सारखेच सुधारले. घरी येणारा जाणकार माणूस पुरला.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं पाच लाखांचं कवच मुख्यतः दाखल रुग्णासाठी आहे. माझी मागणी अशी की, लकव्याच्या रुग्णाला घरी सोडल्यानंतरच्या तीन महिन्यांची फिजिओथेरपी, बाह्यरुग्ण विभागातली आणि घरी येऊन केलेलीही, या योजनेत घ्यावी. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कायम फिजिओथेरपिस्ट नेमावा आणि त्याचे आठवड्यातले ठरावीक दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रांना द्यावेत. रुग्णाला घरी सोडलं की त्याच दिवशी गावच्या आशाताईंना कळवावं. आमच्या आशाताई बाळंतिणीकडे न चुकता येतात. आबा घरी आलेत हे त्यांना पंधरा दिवसांनी पिठाच्या गिरणीत कळलं.

आबा आता काठी टेकत गोठ्यापर्यंत जातात. धार डाव्या हाताने काढायला बघतात, म्हैस उभी राहत नाही. राज्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत फिजिओथेरपिस्टच्या किती जागा मंजूर आहेत आणि त्यांतल्या आज किती भरलेल्या आहेत, हे तालुकावार येत्या अधिवेशनात सभागृहाला सांगावं, ही विनंती.

आपली नम्र,
माणदेशातली एक लेक